दात किती किडले आणि दिवस किती बिघडले?



या अंकाचा अभ्यासलेख लहान मुलांच्या दातांवर आहे. दात कसे घासावेत हे सांगणारे लेख आपण पुष्कळ वाचले असतील. येथे विषय थोडा निराळा आहे. किडलेल्या दातामुळे तीन ते पाच वर्षांच्या मुलाचे खाणे, झोपणे, बोलणे, हसणे आणि शाळेत येणे यांत किती फरक पडतो, आणि तो फरक मोजता येतो का, हे आपण पाहणार आहोत. या विषयाकडे आम्ही वळलो ते स्वतःच्या एका चुकीमुळे. तीच आधी सांगतो.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आपल्या बालवर्गात चार वर्षांचा एक मुलगा होता. डब्यातली पोळी-भाजी तशीच घरी परत जायची. दहीभात असला तर तेवढा खायचा. प्रार्थनेच्या वेळी ओठ मिटून उभा राहायचा. दुपारी पेंगायचा. शेजारच्या मुलाने जरा धक्का दिला की रडायचा. वर्गाच्या ताईंनी त्याच्या प्रगतिपत्रकात लिहिले, ‘सुस्त आहे, वर्गात बोलत नाही, डबा संपवत नाही.’ त्याखाली आम्ही सही केली. डबा टाकून देतो म्हणून एकदा आम्ही त्याला रागावलोही.

एके दिवशी त्याला न्यायला त्याची आजी आली. बोलता बोलता म्हणाली, “रात्री गालाखाली हात घेऊन झोपतो हो. मधेच उठून बसतो. दाढ किडली आहे, पण दुधाचीच आहे ना, पडून जाईल.” आम्हीही मान डोलावली. पुढच्या आठवड्यात मुलाचा गाल सुजला, ताप आला, आईला कामावर रजा घ्यावी लागली. दंतवैद्यांनी पाहिले तेव्हा खालच्या दोन दाढांची कीड नसेपर्यंत पोचलेली होती. उपचार झाल्यावर तोच मुलगा डबा संपवू लागला, आणि प्रार्थनेत त्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

त्याला बोलता येत होते, भूकही लागत होती. त्याचा दात दुखत होता, आणि हे त्याला सांगता आले नाही. ज्या गोष्टी आम्ही ‘स्वभाव’ म्हणून लिहिल्या, त्या साऱ्या एका आजाराच्या खुणा होत्या. ते प्रगतिपत्रक अजून आमच्या दप्तरात आहे.

‘दुधाचेच दात’ या म्हणण्याचा हिशेब

आधी थोडे गणित करू. दुधाचे दात एकूण २० असतात. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दात पडू लागतात. दुधाच्या दाढा मात्र नवव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे चार वर्षांच्या मुलाच्या किडलेल्या दाढेला ‘पडून जाईल’ म्हणायचे, तर पाच ते आठ वर्षे वाट पाहायला हवी. तेवढी वर्षे दुखणे अंगावर काढ, असे आपण मोठ्या माणसाला कधी सांगू का?

दुधाच्या दातांचे वरचे कठीण आवरण पक्क्या दातांपेक्षा पातळ असते, म्हणून कीड लवकर आत शिरते. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल आवरण झिजवते. येथे साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली याला जास्त महत्त्व आहे. रविवारी सकाळी सर्वांबरोबर खाल्लेल्या पोहे-जिलबीपेक्षा दिवसभर थोड्या थोड्या वेळाने चघळलेली गोळी जास्त घातक ठरते. सर्वांत वाईट सवय म्हणजे दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणे. झोपेत लाळ कमी सुटते आणि दात धुतले जात नाहीत, त्यामुळे वरचे पुढचे दात आधी किडतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फार दुखणारी दाढ कधी कधी आपोआप दुखायची थांबते. घरच्यांना हायसे वाटते. पण बरेचदा आतली नस मेल्यामुळे दुखणे थांबलेले असते आणि पुढे तिथे पू होतो. दुखणे थांबले म्हणजे दात बरा झाला, असे समजू नये.

हा प्रश्न दोन-चार घरांचा नाही. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांना दातांची कीड आढळली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत.

दात मोजणे आणि त्रास मोजणे

दंतवैद्य कीड कशी मोजतात? १९३८ साली अमेरिकेत क्लाइन, पामर आणि नटसन यांनी एक सोपी रीत मांडली. किडलेले दात, किडीमुळे गेलेले दात आणि भरलेले दात यांची बेरीज करायची. दुधाच्या दातांसाठीही अशीच बेरीज करतात. ही रीत आजही वापरात आहे आणि ती उपयोगाची आहे. पण तिच्यात एक उणीव आहे. समजा, दोन मुलांचे तीन-तीन दात किडलेले आहेत. एक आनंदाने खेळतो आहे, दुसरा रात्री झोपत नाही. बेरीज दोघांचीही तीनच येणार.

जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. केवळ रोग नसणे म्हणजे आरोग्य नव्हे, शरीर, मन आणि समाजातले वागणे या तिन्ही बाबतींत माणूस सुखात असणे म्हणजे आरोग्य, अशी व्याख्या तिने केली. ही व्याख्या खरी मानली, तर मुलाच्या तोंडात पाहणे पुरेसे नाही. त्याचा दिवस कसा जातो हेही विचारले पाहिजे. आरोग्यामुळे जगण्याच्या गुणवत्तेवर होणारा परिणाम मोजण्याच्या पट्ट्या याच विचारातून तयार झाल्या.

मुलांच्या बाबतीत कॅनडातील टोरांटो येथे अलेक्झांड्रा जोकोविक, डेव्हिड लॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठे काम केले. त्यांनी आठ ते दहा आणि अकरा ते चौदा या वयांच्या मुलांसाठी वेगवेगळ्या प्रश्नावल्या केल्या, पालकांसाठीही केली. पण बालवाडीच्या वयाचे काय? त्यासाठी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथे पाहेल, रोझिअर आणि स्लेड यांनी त्याच कामातून निवडक प्रश्न घेऊन २००७ साली एक छोटी पट्टी प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘अर्ली चाइल्डहुड ओरल हेल्थ इम्पॅक्ट स्केल’, थोडक्यात ‘इकोहिस’.

तेरा प्रश्नांची पट्टी

इकोहिसमध्ये १३ प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे पालक देतात. मुलाच्या जन्मापासून आजपर्यंतचा काळ डोळ्यांसमोर ठेवून ती द्यायची असतात. प्रश्नांचे दोन भाग आहेत. त्यांचा आशय आम्ही आमच्या शब्दांत देतो.

पहिला भाग मुलाचा, प्रश्न ९. दात, तोंड किंवा जबडा दुखतो का, हा पहिला. नंतरचे चार प्रश्न रोजच्या कामांचे: गरम-गार पिताना त्रास, खाताना त्रास, शब्द उच्चारताना त्रास, आणि शाळा बुडणे. मग दोन मनाचे: झोप न लागणे आणि चिडचिड होणे. शेवटचे दोन चारचौघांतले: हसणे टाळणे आणि बोलणे टाळणे.

दुसरा भाग घराचा, प्रश्न ४. मुलाच्या दातांमुळे आई-वडील अस्वस्थ झाले का, त्यांना अपराधी वाटले का, कामावरून वेळ काढावा लागला का, आणि घरखर्चावर ताण आला का.

आता मागे वळून आमच्या त्या विद्यार्थ्याकडे पाहा. डबा परत जाणे, पेंगणे, रडणे, ओठ मिटून उभे राहणे, आईची रजा. जे आम्ही चार महिने पाहत होतो आणि ओळखत नव्हतो, ते या प्रश्नांत एकेक करून दिलेले आहे.

प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरे आणि त्यांचे गुण असे: कधीच नाही ०, क्वचित १, कधी कधी २, बरेचदा ३, फार वेळा ४. ‘माहीत नाही’ असेही एक सहावे उत्तर आहे. मुलाच्या भागाचे जास्तीत जास्त गुण ९ × ४ = ३६, घराच्या भागाचे ४ × ४ = १६, एकूण ५२. परीक्षेत जास्त गुण चांगले असतात, येथे उलट आहे. जितके गुण जास्त तितका त्रास जास्त.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुलाच्या भागात एका आईने दिलेली उत्तरे: दुखणे ३, पिणे २, खाणे ३, उच्चार ०, शाळा बुडणे १, झोप २, चिडचिड २, हसणे ०, बोलणे ०. बेरीज १३. घराच्या भागात अस्वस्थता ३, अपराधी वाटणे ३, कामावरून वेळ काढणे १, खर्च १. बेरीज ८. एकूण ५२ पैकी २१.

समजा, झोपेच्या प्रश्नाला आईने ‘माहीत नाही’ म्हटले, कारण मूल आजीजवळ झोपते. मग उरलेल्या आठ उत्तरांची बेरीज ११, सरासरी ११ ÷ ८ = १.३७५. हीच सरासरी त्या रिकाम्या जागी धरायची. मुलाच्या भागाचे गुण झाले १२.३७५. मुलाच्या भागात अशा दोन जागांपर्यंत आणि घराच्या भागात एका जागेपर्यंत हे चालते. त्याहून जास्त जागा रिकाम्या असतील तर तो कागद हिशेबात धरत नाहीत. सरासरी शिकताना ‘याचा उपयोग काय’ असे विचारणाऱ्या आठवीच्या मुलांनी हे उदाहरण जरूर सोडवून पाहावे.

मुलालाच का विचारू नये?

चार वर्षांच्या मुलाला ‘गेल्या महिन्यात किती वेळा दुखले’ असे विचारून भागत नाही. काल, परवा आणि मागचा महिना त्याला सारखेच. शिवाय ज्याची दाढ आठवण आहे तेव्हापासून दुखते आहे, त्याला न दुखणारी दाढ कशी असते हेच ठाऊक नसते. म्हणून पालकांना विचारावे लागते.

तरीही मुलाचे म्हणणे अगदीच बाजूला ठेवावे, असे नाही. ब्रिटनमध्ये जॉर्जिऑस त्साकोस आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली पाच वर्षांच्या मुलांसाठी ‘सोहो-५’ नावाची पट्टी मांडली. तिच्यात सात प्रश्न थेट मुलाला विचारतात: खाणे, पिणे, बोलणे, खेळणे, झोपणे यांत अडचण येते का, आणि दुखल्यामुळे किंवा दात वाईट दिसतात म्हणून हसणे टाळतोस का. उत्तर देण्यासाठी मुलापुढे चेहऱ्यांची चित्रे ठेवतात. अजिबात नाही, थोडे, पुष्कळ, एवढ्याच तीन पायऱ्या. पालकांनाही निराळे प्रश्न विचारतात.

भाषेची अडचण

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आपल्या इंदूरच्या कितीतरी घरांत आजी मराठीत बोलते, आई हिंदीत, आणि मूल दोन्ही मिसळून. त्यामुळे ही पट्टी वाचताना आमच्या मनात पहिला प्रश्न भाषेचाच आला.

दुसऱ्या भाषेतली प्रश्नावली घ्यायची तर नुसते भाषांतर चालत नाही. आधी दोन जाणकार वेगवेगळे भाषांतर करतात आणि ते जुळवतात. मग मूळ प्रश्न न पाहिलेली व्यक्ती त्याचे परत मूळ भाषेत भाषांतर करते. दोन्ही ताडून पाहतात. नंतर थोड्या पालकांना विचारून त्यांना काय कळले ते तपासतात. फ्रेंच, चिनी, पोर्तुगीज, फारसी, तुर्की अशा अनेक भाषांत इकोहिस असेच गेले.

हे किती गरजेचे आहे ते आम्हाला पालकसभेत कळले. समजून घेण्यापुरते हे प्रश्न आम्ही मराठीत वाचून दाखवले. एका आईने विचारले, “सर, ‘क्वचित’ आणि ‘कधी कधी’ यांत फरक काय?” आम्ही म्हटले, “क्वचित म्हणजे वर्षातून एखाद-दोनदा.” मागून एक आजोबा म्हणाले, “आमच्याकडे त्याला कधीमधी म्हणतात, आणि ते महिन्यातून चारदाही असतं.” सगळे हसले, पण मुद्दा खरा होता. एका शब्दाने एक गुण इकडचा तिकडे होतो. म्हणून आमचे मराठी प्रश्न घरात विचार करण्यापुरते आहेत, संशोधनाची पट्टी म्हणून कोणी वापरू नयेत.

पट्टीच्या मर्यादा

शून्य गुण म्हणजे दात निरोगी, असा अर्थ नाही. कीड सुरू होताना दातावर फक्त पांढरट डाग दिसतो, त्या वेळी काहीच दुखत नाही. आणि उपचार सोपा असतो तो त्याच वेळी. ज्या घरात ‘मुलांचे दात दुखायचेच’ असे मानतात, तिथेही गुण कमी येतील, कारण त्रासाला त्रास म्हटलेलेच नसते. जन्मापासूनचा काळ विचारल्यामुळे उपचारानंतरचा फरक पाहण्यासाठी ही पट्टी जशीच्या तशी सोयीची नाही. त्यासाठी थोड्या ठराविक काळाबद्दल विचारावे लागते. आणि कोणत्या दाताला काय झाले हे दंतवैद्यच सांगतील. तपासणी दाताची अवस्था सांगते, प्रश्न मुलाची अवस्था सांगतात. दोन्ही लागतात.

‘अपराधी वाटते का’ हा प्रश्न वाचला तेव्हा सभेत शांतता पसरली होती. पालकहो, तो प्रश्न दोष देण्यासाठी नाही. मुलाच्या दुखण्याचा भार घर कसे सोसते हे कळावे म्हणून आहे. दोषाचा वाटा काढायचाच झाला तर आमचा वाटा आम्ही वर लिहिलाच आहे.

आता काय करायचे?

घरी: पहिला दात आल्यापासून सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दात घासावेत. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. मुलाने ती गिळू नये, थुंकावी. झाबुआ, धार या भागांतील काही गावांच्या जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड मुळातच जास्त आहे. तिकडून आलेल्या कुटुंबांनी पेस्टबाबत दंतवैद्यांना विचारावे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्यांनी घासून द्यावेत किंवा समोर उभे राहून पाहावे. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दंतवैद्यांना दाखवावे. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे येणारी दाढ पक्की असते, तिला दुधाची समजू नये. आपल्या शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे मुलाला नेता येते.

शाळेत: बालवर्गाच्या ताई यापुढे ‘डबा खात नाही’ एवढेच लिहिणार नाहीत. त्याच्यापुढे ‘दात पाहिले का?’ हा रकानाही भरतील. पालकांनी सांगितलेले वर्गात वाचले जाणार नाही, फळ्यावर लागणार नाही. कोणाचे किती गुण आले हे आम्ही या पत्रिकेतही छापणार नाही. ती त्या घराची गोष्ट आहे. वाढदिवसाला टॉफीऐवजी शेंगदाणे, फुटाणे किंवा केळे आणावे, अशी विनंती आहे. चार वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांना केळेच द्यावे.

विश्वस्त मंडळींना: दोन मागण्या आहेत. बालवर्गाच्या अंगणात मुलांच्या उंचीचे दोन नळ हवेत. सध्याच्या नळापर्यंत लहान मुलांचा हात पोचत नाही, म्हणून डबा खाल्ल्यावर कोणी चूळ भरत नाही. दुसरी, वर्षातून एकदा दंतवैद्यांकडून बालवर्गाची तपासणी व्हावी, आणि पुढचा उपचार ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी थोडी रक्कम राखून ठेवावी. तपासणी करून चिठ्ठी हातात दिली आणि पुढे काहीच झाले नाही, तर त्या चिठ्ठीचा मुलाला उपयोग नाही.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. दुधाच्या आणि पक्क्या दातांमध्ये कोणते तीन फरक या लेखातून समजले?
२. मुलाच्या भागातील दोन उत्तरे ‘माहीत नाही’ असून उरलेल्या सात उत्तरांची बेरीज १४ असेल, तर त्या भागाचे एकूण गुण किती?
३. घरातल्या लहान भावंडाला एक आठवडा पाहा. ते काय खाते, काय टाकते, एकाच बाजूने चावते का, झोपेत उठते का, ते वहीत लिहा. वही आधी आईला दाखवा.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. लहान मूल आपले दुखणे शब्दांत सांगत नाही, ते आपल्याला त्याच्या वागण्यातून वाचावे लागते. आम्ही ते उशिरा शिकलो. तुम्ही आजपासून शिका.

आपले,
प्राचार्य